लोखंड कमी, रोपं जास्त

दौंड-शिरूरच्या पट्ट्यात ऊस लावायचा म्हणजे पूर्वी ट्रॉली भरून बेणं यायचं. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या लावायच्या तर एकराला अडीच-तीन टन ऊस मोडावा लागे. डोळे चेपू नयेत एवढं सांभाळलं की झालं. आता एका डोळ्याचं रोप लावतात. पाच बाय दोन फुटांवर लागण केली तर एकराला ४,३५६ रोपं लागतात. ५० कप्प्यांचे ट्रे घेतले तर ८८ ट्रे. पाणी पाजलेला ट्रे तीन किलोचा धरला तरी सगळं वजन २६४ किलो.

एकराची लागण टनांवरून किलोंवर आली. गाडीवरचं लोखंड मात्र अजून टनांच्याच हिशोबानं जोडलं जातंय. रोपवाटिकेच्या पिकअपसाठी रॅक करायला घेतल्यापासून हेच डोक्यात घोळतंय, म्हणून ही वही.

◆

हौद्याची आतली मापं: लांबी नऊ फूट, म्हणजे २७४ सेंटिमीटर. रुंदी पाच फूट सात इंच, १७०. तळ सपाट, चाकांची कमान आत आलेली नाही. तिन्ही बाजूंचे फाळके उघडतात. ट्रेचं माप ५४ बाय २८.

रॅक कसा असावा हे या चार-पाच आकड्यांनीच ठरतं. मिस्त्रीकडे जाण्याआधी ते कागदावर मांडले नाहीत, तर रॅक पाईपच्या लांबीला सोयीचा होतो आणि ट्रे त्यात कसेबसे कोंबावे लागतात.

◆

ट्रेची लांब बाजू आडवी घातली तर रुंदीत तीन ट्रे बसतात: १६२ सेंटिमीटर. उरले आठ. खांबाला ४० बाय ४० चा चौरस पाईप घेतला तर दोन्ही बाजूंचे मिळून ते आठही संपले. ट्रे अडकणार, काठ फाटणार. म्हणून ४० बाय २० चा आयताकृती पाईप घ्यायचा आणि त्याची २० ची बाजू रुंदीत ठेवायची. चार सेंटिमीटर मोकळे राहतात.

लांबीत प्रत्येक बाजूला चार खांब. चार चोक सोळा सेंटिमीटर खांबांत गेले, उरले २५८. त्याचे तीन गाळे, प्रत्येकी ८६. गाळ्यात २८ चे तीन ट्रे म्हणजे ८४, वर दोन सेंटिमीटर मोकळीक. एका मजल्यावर तीन गुणिले नऊ, २७ ट्रे.

हे गणित जुळलं तेव्हा फार बरं वाटलं. हौदा आणि ट्रे बनवणाऱ्यांची एकमेकांशी ओळखही नसेल, तरी जागा वाया जात नाही.

◆

भाजीची रोपं बुटकी असतात, दोन मजल्यांत २५ सेंटिमीटर पुरतात. उसाचं रोप पानं छाटल्यावरही उंच राहतं, त्याला ३५ हवेत. म्हणजे मजले कायमचे वेल्ड करायचे नाहीत. खांबांना दर पाच सेंटिमीटरला भोक पाडायचं आणि मजला हवा तिथं बोल्टनं बसवायचा.

भाजीला पाच मजले: १३५ ट्रे. १०४ कप्प्यांचा ट्रे असेल तर १४,०४० रोपं. उसाला चार मजले. त्यातले तीन भरले की ८१ ट्रे झाले, एकराचे उरलेले सात चौथ्यावर. चौथ्याची बाकी जागा नांग्या भरायच्या रोपांना, किंवा शेजारच्या वावराच्या लागणीला.

◆

भोकाभोकांच्या खांबाची कल्पना आपल्याला नवी नाही. दौंडच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मागच्या भिंतीला स्लॉटेड अँगलचे रॅक असतात. डेमेट्रियस कोमिनो या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या ग्रीक वंशाच्या अभियंत्यानं लंडनमध्ये हा भोकांचा अँगल काढला आणि १९४७ च्या सुमारास ‘डेक्सियन’ या नावानं बाजारात आणला. वेल्डिंग नको, फक्त नट-बोल्ट आणि पाना. १९५३ साली ग्रीसच्या आयोनियन बेटांवर भूकंप झाला, तेव्हा याच अँगलची घरं उभी करून लोकांना छप्पर दिलं गेलं.

फुलं-रोपांच्या धंद्यात तर हे रोजचंच आहे. डेन्मार्कमध्ये १९७६ साली सुरू झालेल्या कंटेनर सेंट्रालेन या संस्थेच्या चाकांच्या मांडण्या युरोपभर फिरतात. फळी १३५ बाय ५६.५ सेंटिमीटरची, चारी खांबांना खाचा, हव्या त्या उंचीवर फळी अडकवायची. तिथं हजारो बागायतदारांनी एकच माप मान्य केलं. त्यामुळे एकाच्या शेडमधली मांडणी तशीच्या तशी दुसऱ्याच्या ट्रकमध्ये चढते. आपल्याकडं ट्रेचं माप बरंचसं एकसारखं झालंय. रॅकचं माप मात्र प्रत्येक गाडीगणिक वेगळं. तालुक्यातल्या रोपवाटिकांनी एकत्र बसून एवढं एक ठरवलं तरी एकाचा रॅक अडीअडचणीला दुसऱ्याच्या पिकअपवर चढवता येईल.

◆

ट्रेखालच्या पट्ट्या गाडीच्या लांबीत टाकायच्या की रुंदीत?

मी लांबीत काढल्या होत्या. सहा लांब पट्ट्यांत मजला पुरा होतो आणि लोखंड कमी लागतं. ट्रे भरणाऱ्या मावशींनी चित्र पाहिलं आणि विचारलं, “मधला ट्रे कोण घालणार? हात पुरायला नको का?” ट्रे बाजूनं आत जातो. पट्ट्या लांबीत असल्या तर ट्रेचे खालचे निमुळते कप्पे प्रत्येक पट्टीला अडकतात आणि ट्रे उचलून उचलून सरकवावा लागतो. मधल्या ट्रेपर्यंत तसा हात पोचत नाही. पट्ट्या रुंदीत टाकल्या तर त्यांवरून ट्रे काठावर सरकत जातो. पहिला आत ढकलला की दुसरा त्याच्या मागून.

म्हणून ट्रेच्या नऊ ओळींना प्रत्येकी दोन, अशा अठरा पट्ट्या रुंदीत. लोखंड वाढलं, पण हे वाढायलाच हवं होतं. दिवसभर ट्रे चढवणारीच्या कमरेचा हिशोब किलोत धरता येत नाही.

रॅक करायचा असेल तर मालकानं आधी माल भरणाऱ्यांना विचारावं, मग चालकाला, आणि मग मिस्त्रीकडे जावं. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो.

◆

वजनाचा हिशोब.

एका मजल्याच्या पट्ट्या: १८ गुणिले १.६६, म्हणजे जवळजवळ ३० मीटर. त्यांना धरणाऱ्या दोन लांब तुळया ५.४ मीटर. पाच मजले आणि सव्वा अकरा मीटरचे खांब मिळून १८८ मीटरच्या आसपास लोखंड.

सगळं ४० बाय ४० बाय ५ च्या अँगलमध्ये केलं तर हा अँगल मीटरला तीन किलो भरतो. एकूण साडेपाचशे किलोंच्या वर.

पट्ट्यांना २५ बाय २५ बाय ३ चा अँगल (मीटरला १.१ किलो) आणि खांब-तुळयांना दोन मिलिमीटर जाडीचा ४० बाय २० पाईप (मीटरला पावणेदोन किलो) घेतला, तर तिरक्या सळया धरून अडीचशे किलोंच्या आत.

भाजीच्या रोपांचा पूर्ण भार १३५ ट्रे, म्हणजे ४०५ किलो. जाड अँगलचा रॅक मालापेक्षा जड होतो. वर, माल उतरतो, रॅक उतरत नाही. तीनशे किलो जास्तीचं लोखंड रिकाम्या परतीलाही डिझेल पितं, पाट्यांवर आणि टायरवर बसतं, ब्रेक दाबला की पुढं रेटतं.

◆

“मालक, एवढ्या बारीक अँगलात रॅक हालंल.”

मिस्त्रीची शंका खरी आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. २७ ट्रेचा भार ८१ किलो. तो अठरा पट्ट्यांवर वाटला की एका पट्टीवर साडेचार किलो. खड्ड्यात गाडी आदळली आणि तिप्पट झटका बसला तरी चौदा किलोंच्या आत. बारीक अँगल एवढं आरामात झेलतो. वाकण्याची भीती नाहीच.

भीती आहे ती डोलण्याची. चौकोनी चौकट सांध्यातून तिरपी होते, आणि अँगल दुप्पट जाड केला तरी तिची खोड पुरती जात नाही. चौकटीत तिरकी सळई टाकली की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण हलत नाही. आठ मिलिमीटरची सळई मीटरला ४०० ग्रॅमही भरत नाही. ट्रे बाजूंनी भरायचे असल्यानं पुढचं आणि मागचं तोंड मोकळं ठेवायची गरज नाही; दोन्हीकडं फुली मारून सळया कायमच्या वेल्ड करायच्या. रॅकचं डाव्या-उजव्या बाजूला डोलणं तिथंच थांबतं.

लांब बाजूंना सळई टाकली तर ट्रे घालता येणार नाहीत. तिथं खांब-तुळईच्या कोपऱ्यांना त्रिकोणी पत्रे बसवायचे, आणि ट्रे भरून झाले की रॅचेटचे पट्टे तिरके ओढायचे. पट्टा ट्रेलाही अडवतो. नाही तर जे ट्रे सहज आत सरकतात ते वळणावर तितक्याच सहज बाहेर सरकतील.

◆

रॅक जड का होतात, याचं एक कारण भावात आहे. फॅब्रिकेशनचं काम बहुतेक ठिकाणी किलोवर चालतं: माल आणि मजुरी मिळून किलोला इतके. म्हणजे हलकी वस्तू करण्यासाठी जो जास्त डोकं चालवेल, जास्त कापेल, जास्त सांधे जोडेल, त्याला कमी पैसे. अशा हिशोबात मिस्त्रीनं जाड अँगल सुचवला तर त्याला दोष देता येत नाही.

काम उक्तं ठरवावं. चित्र द्यावं, लोखंड आपण आणून द्यावं, आणि मजुरी कामाची ठरवावी. हलक्या रॅकला सांधे आणि काळजी दोन्ही जास्त लागतात. त्या कौशल्याचे पैसे मिस्त्रीला मिळाले पाहिजेत.

◆

दोन मिलिमीटरच्या पाईपला जाड रॉड लावला की भोक पडतं. अडीच मिलिमीटरचा रॉड, करंट कमी, किंवा सीओटू वेल्डिंग. आधी सगळीकडं फक्त टाके मारायचे, मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात. पूर्ण वेल्ड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं ओढत न्यायचं नाही. समोरासमोरचे सांधे आळीपाळीनं, नाही तर उष्णतेनं चौकट पिळते.

गाडीवर ठेवून वेल्डिंग नकोच. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स भरपूर आहे. वेल्डिंगचा करंट वाट चुकला तर ईसीयू जातो. अगदीच टाळता आलं नाही तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा.

चासीला भोक नाही, वेल्ड नाही. यावर चर्चा नको.

◆

विज्ञान आश्रम, पाबळ. शिरूर तालुकाच. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली तिथं आले. शाळेत न रमलेल्या मुलांना त्यांनी हातानं करून शिकायला लावलं: वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, स्वयंपाकसुद्धा. पाबळचे लोखंडी घुमट पुष्कळांना ठाऊक आहेत. जीपचे भाग वापरून तिथं ‘मेकबुल’ नावाचा छोटा, स्वस्त ट्रॅक्टर बनवला गेला. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं तिथं फॅब लॅब सुरू झाली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक.

पाबळच्या घुमटाकडे पाहिलं तर माझ्या रॅकचा प्रश्न सुटलेला दिसतो: बारीक नळ्या, सगळे त्रिकोण, आत एकही खांब नाही. पुण्यातल्या कॉलेजात जे फळ्यावर शिकवतात ते पाबळची मुलं खांद्यावर उचलून पाहतात. आपल्या तालुक्यांतल्या मिस्त्रींसाठी अशी चार दिवसांची शिबिरं व्हायला हवीत. हात तयार आहेत. वजन आणि भार कागदावर मांडायची सवय तेवढी लागायला हवी.

◆

रोपांचे शत्रू तीन: वारा, ऊन, हादरा. हादरा सर्वांत कमी त्रास देतो, कारण मुळांनी कोकोपीट धरून ठेवलेलं असतं.

वारा फार. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. चाळीसला जे पान नुसतं हलतं ते ऐंशीला फाटतं. शिवाय वारा पानातलं पाणी ओढून घेतो. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाताना वेग आपोआप कमी राहतो, पण पाटस-यवत भागात सोलापूर महामार्गावर चालकाचा पाय जड होतो. खालचे चार मजले केबिनच्या आडोशाला आहेत. पाचवा केबिनच्या टपाच्या उंचीला येतो आणि सगळा वारा अंगावर घेतो. म्हणून पाचवा मजला गावातल्या गावात भरायचा, महामार्गावर जायचं असेल तर रिकामा.

समोरून पत्रा, बाजूंना हिरवी शेडनेट. ताडपत्री नको, आत वाफ कोंडते. शेडनेट खाली हौद्याला घट्ट बांधायची. फडफडणारी नेट कोवळे शेंडे छाटते.

◆

भरताना खालून वर, उतरवताना वरून खाली. पहिल्या शेतकऱ्याच्या वावरात खालचे ट्रे हाताशी म्हणून आधी काढले तर पुढच्या रस्त्यावर सगळं वजन वर राहतं आणि गाडी वळणावर कलते. आणि एकाच बाजूनं रिकामं करायचं नाही. चालक भाऊला हे एकदा समजावून सांगितलं की पुरतं. कारण कळलं की माणूस स्वतःहून पाळतो.

◆

गंज. ट्रेमधून झिरपणाऱ्या पाण्यात १९:१९:१९ सारखी विद्राव्य खतं असतात. साध्या पाण्यापेक्षा हे पाणी लोखंडाला लवकर खातं. पाईप बाहेरून रंगवलेला दिसतो आणि आतून कुजतो. खांबाचं वरचं तोंड टोपीनं बंद करायचं, खालच्या टोकाला पाणी निघायला भोक ठेवायचं. वेल्डवरची राख तारेच्या ब्रशनं घासून काढल्याशिवाय रेड ऑक्साइड लावायचं नाही.

गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलं तर उत्तम, पण जस्त साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं. पाईप दोन्हीकडून बंद असेल तर आतली हवा आणि ओल फुगून तो फुटू शकतो. भोकं आधी पाडायची. तयार जीआय पाईप आणून वेल्ड केला तर जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि त्यानं संध्याकाळी अंगात कणकण भरते. काम मोकळ्या हवेत, आणि सांध्यावरचं जस्त ग्राइंडरनं आधी उतरवून.

◆

“वरती पाईप टाकायची पण सोय करा.” प्रत्येक जण हे सुचवतो. पीव्हीसी पाईप सहा मीटरचा. पिकअप बंपरपासून बंपरपर्यंत पाच मीटरच्या आसपास. कसाही ठेवा, तिरका ठेवा, पाईप बाहेर येणारच. मागून सळया बाहेर काढून नेण्याची मुभा २०१४ साली नियमातून काढून टाकली. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल गाडीबाहेर आला तर कलम १९४(१ए) खाली वीस हजार दंड आहे. दंड बाजूला ठेवू. संध्याकाळी केडगावच्या रस्त्यानं दुचाकीवरून येणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला ते टोक येतं. पाईपची सोय करायची नाही. पाईप ट्रॉलीतून आणावेत.

◆

त्याच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: गाडीची मूळ बांधणी नोंदणीपुस्तकातल्या तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. म्हणून रॅक पूर्ण निघणारा हवा, हौद्याच्या मापात मावणारा हवा, आणि नंबरप्लेट, मागचे दिवे, इंडिकेटर झाकणारा नसावा. दौंडची गाडी बारामतीच्या कार्यालयाकडं, एमएच-४२. वेल्डिंगला हात लावण्याआधी चित्र घेऊन तिथं विचारून यायचं. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. तेव्हा रॅक उतरवूनच न्यायचा.

◆

निघणारा रॅक फक्त कायद्यासाठी नाही. आडसालीची रोपं जुलै-ऑगस्टला, पूर्वहंगामीची ऑक्टोबर-नोव्हेंबरला, सुरूची जानेवारी-फेब्रुवारीला. मधल्या दिवसांत हीच पिकअप कांद्याच्या गोण्या नेते, गुऱ्हाळावरून गुळाच्या ढेपा मार्केट यार्डाला नेते, पेंड आणते. रॅक कायमचा असेल तर या सगळ्या कामांना गाडी लंगडी होते.

प्रत्येक मजला ही एक स्वतंत्र चौकट, वजन ४२ किलो. दोघांनी उचलता येते. पाच चौकटी एकावर एक रचल्या तर वीतभर उंची होते. शेडच्या भिंतीला लावून ठेवायच्या. खांब, पुढची-मागची फुली आणि बोल्टची पिशवी एका जागी. नायलॉक नट वापरायचे, साधे नट हादऱ्यानं सैल होतात.

खांबांच्या पायाखाली जाड रबर, आणि हौद्याच्या मूळ हुकांना चारी बाजूंनी टर्नबकलनं खाली ओढून बांधायचं. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून ताण पुन्हा तपासायचा. पहिल्या धक्क्यांत रबर बसतं आणि तार ढिली पडते.

◆

उद्याची यादी. २५-३ चा अँगल: दीडशे मीटर, सहा मीटरचे २५ नग. अठरा पट्ट्या १.६६ च्या; एका नगात तीन निघतात आणि मीटरभर तुकडा उरतो. पाच मजल्यांच्या ९० पट्ट्यांना म्हणजे २५ पुरणार नाहीत, ३० नग लागतील. उरलेले तीस तुकडे कोपऱ्यांच्या आधाराला आणि ट्रे अडवायच्या दांड्यांना. ४०-२० पाईप सात नग. आठची सळई तीन नग. वजनकाट्यावर लोखंड स्वतः उभं राहून मोजून घ्यायचं आणि रॅक झाल्यावर तोही काट्यावर चढवायचा. २५० च्या वर भरला तर कुठं वाढला ते शोधून कापायचं.